एका छपराखाली तीन बिऱ्हाडं: तुमचं कॉटेज आधी काय होतं ते कसं ओळखायचं

तुमचा प्रश्न असा: इंग्लंडमधल्या वेस्ट ससेक्समधल्या एका खेड्यात तीन कॉटेजची रांग आहे, त्यातलं मधलं तुम्ही दोघं बघून आलात, ग्रेड टू लिस्टेड आहे, म्हणजे जपायच्या इमारतींच्या सरकारी यादीत आहे, आणि लिस्टिंगच्या वर्णनात लिहिलंय की हे मूळचं १५व्या शतकातलं लाकडी सांगाड्याचं एकच हॉल हाउस, नंतर तीन कॉटेज केली. बाहेरून बघाल तर खाली विटा, वरच्या भिंतीवर टांगलेली कौलं, आत ठेंगण्या खोल्या आणि काळ्या रंगवलेल्या तुळया. मग ते १५वं शतक आहे कुठे, आणि असलं घर घ्यावं का?

एका वाक्यात सांगायचं तर ते पोटमाळ्यात आहे. तुम्ही पोटमाळा बघितला का, ते तुम्ही लिहिलेलंच नाही, म्हणजे बहुतेक नसेल बघितला, आणि एजंटनेही काही शिडी लावून दिली नसणार. माझं गेल्या वीस-बावीस वर्षांचं काम ससेक्स आणि केंटमधली अशीच घरं तपासायचं आणि दुरुस्त करून घ्यायचं आहे, आणि अनुभव एकच सांगतो, या घरांची वाटणी जमिनीवर झाली, छपरात झाली नाही. खाली भिंती घातल्या, दारं फोडली, चुली वाढवल्या, जिने घुसवले, पण वर दीड-दोनशे वर्षांपूर्वी कोण कशाला जाऊन छप्पर वेगळं करत बसतंय, ते एकच राहिलं. म्हणून घर खालून बघितलं की तीन दिसतात आणि वरून बघितलं की एक.

मी लहानपणी वाईला वाड्यात राहिलो. एकेकाळी एका घराचा असलेला वाडा, आमच्या वेळी त्यात पाच बिऱ्हाडं, आमच्या वाट्याला आलेली खोली म्हणजे खरं तर अर्धी ओसरी होती आणि मधे फळ्या ठोकलेल्या. त्यामुळे इथे आल्यावर पहिल्यांदा असं घर बघितलं तेव्हा मला ते लगेच ओळखीचं वाटलं. एक फरक मात्र लक्षात ठेवा, ही वाटणी भावाभावांची नसायची. मालकाने भाडेकरू ठेवायला केलेली असायची. त्यामुळे ती स्वस्तात, घाईत आणि जमेल तशी केलेली असते, आणि त्याचे परिणाम आज सर्व्हेमध्ये दिसतात.

आता मूळ घर कसं होतं ते डोळ्यासमोर आणा. या भागातला प्रसिद्ध प्रकार म्हणजे वील्डन हाउस, वील्ड हा केंट-ससेक्स-सरेचा जंगलपट्टा, त्यावरून नाव. १४व्या शतकाच्या उत्तरार्धापासून १६व्याच्या सुरुवातीपर्यंत खातेपीते शेतकरी, कापडाच्या धंद्यातली माणसं अशी घरं बांधायची. मधोमध हॉल, साधारण दोन खणांचा. खण हा शब्द मी मुद्दाम वापरतोय कारण इथले सुतारही घर खणांतच मोजतात, बे म्हणतात, दोन चौकटींमधलं अंतर म्हणजे एक बे. हा हॉल जमिनीपासून थेट छपरापर्यंत मोकळा, वर माळा नाही, धुराडं नाही, जमिनीवर मधोमध चूल पेटलेली आणि धूर वर जाऊन छपराच्या फटींतून, टोकाच्या छोट्या तिकोनी भोकांतून नाहीतर वर ठेवलेल्या झरोक्यातून हळूहळू बाहेर. हॉलच्या एका टोकाला मालकाची बाजू, तिथे खाली बैठकीची खोली आणि वर सोलर म्हणजे झोपायची खोली. दुसऱ्या टोकाला आडवी बोळ, तिला समोरासमोर दोन दारं, पुढचं आणि मागचं, आणि बोळीपलीकडे दोन कोठ्या, एक पेयांची आणि एक पाव-धान्याची, त्यांच्यावर पुन्हा एक खोली.

बाहेरून वील्डन ओळखायची खूण म्हणजे दोन्ही टोकांचा वरचा मजला खालच्यापेक्षा दीडेक फूट पुढे आलेला असतो, जेटी म्हणतात त्याला, आणि मधला हॉल दोन मजली नसल्यामुळे त्याची भिंत मागेच राहते. छप्पर मात्र सरळ एका रेषेत जातं. मग मधल्या भागात वळचण हवेत राहते ना, तिला आधार द्यायला दोन्ही बाजूंनी कमानीसारखे वाकडे दांडे दिलेले असतात. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मधल्या कॉटेजची भिंत बाकीच्या दोघांच्या बरोबरीने आलेली दिसते, म्हणजे दोनच शक्यता. एक, हे वील्डन नाहीच, साधं हॉल हाउस आहे. दोन, भाडेकरू ठेवताना मधली खोली मोठी करायला भिंत पुढे आणली आणि वरून कौलं टांगून सगळं एकसारखं केलं. दुसरं फार वेळा सापडतं. वळचणीखाली डोकं वर करून बघा, वाकड्या दांड्याचं टोक किंवा त्याची रिकामी खोबण दिसते का. दिसली तर संपलं, वील्डन.

आता पोटमाळा. टॉर्च घ्या, जुने कपडे घाला, आणि फक्त लाकडावर पाय ठेवा, मधल्या गिलाव्यावर ठेवला तर खाली बेडरूममध्ये उतराल. पहिल्यांदा बघायचं ते आढं. आपल्याकडे आढ्याशिवाय छप्पर ही कल्पनाच नाही, आढं आधी, त्यावर वासे. इथल्या मध्ययुगीन छपरात आढं नसतंच, वाशांच्या जोड्या असतात आणि वरच्या टोकाला एकमेकांत अडकवून लाकडी खुंटी मारलेली असते. मग ते सगळे एका बाजूला कलंडू नयेत म्हणून काय, तर दोन वाशांना जोडणारी एक आडवी पट्टी, कॉलर, आणि या सगळ्या कॉलरच्या पोटाखालून घराच्या लांबीभर धावणारं एक लाकूड, कॉलर पर्लिन, आणि ते पर्लिन तोलायला खालच्या मोठ्या तुळईच्या मधोमध उभा एक बुटका खांब, ज्याला चारही दिशांना हात फुटल्यासारखे दांडे असतात. हाच क्राउन पोस्ट. हॉलच्या मधल्या चौकटीवर असेल तर तो कोरलेला असतो, खाली बैठक, वर कणी, एखाद्या देवळाच्या खांबाची छोटी आवृत्ती, कारण तो खाली बसलेल्या पाहुण्यांना दिसायचा. आज तो इन्सुलेशनमध्ये गुडघाभर बुडालेला असतो आणि घरमालकाला पत्ता नसतो.

दुसरी गोष्ट काजळी. दीड-दोनशे वर्षं खाली उघडी चूल पेटलेली असेल तर वासे, कॉलर, खुंट्या सगळं काळंकुट्ट होतं, आणि ही काजळी डांबरासारखी लाकडावर बसलेली असते, बोट फिरवलं तर सहसा येत नाही. बोटाला भरभरून काळं आलं तर ती जुनी काजळी नसून शेजारच्या धुराड्याला भेग असण्याची शक्यता जास्त, आणि मग इतिहास बाजूला ठेवून आधी धुराडं तपासून घ्या. काजळी कुठे थांबते ते नीट बघा. एखाद्या चौकटीवर कूड घातलेला असेल, म्हणजे काठ्या विणून माती थापलेली आपली कुडाची भिंतच, तर त्याची हॉलकडची बाजू काळी आणि पलीकडची स्वच्छ असते. ती जी रेघ आहे ना, तीच हॉलची हद्द. आणि आज खाली तुमच्या आणि शेजाऱ्याच्या मधली भिंत बरोबर त्या रेघेखाली असेलच असं नाही, मी अशी घरं बघितलीत जिथे खालची वाटणी हॉलच्या मधूनच गेलीय आणि अर्धा हॉल याचा, अर्धा त्याचा.

सुटा एखादाच काळा वासा बाकी स्वच्छ वाशांमध्ये असेल तर मात्र हुरळून जाऊ नका, तो दुसऱ्या घराचा वापरलेला. जुनं ओक कुणी टाकून देत नव्हतं. आणि इथेच एक गंमत सांगतो, तुम्हाला एजंट किंवा शेजारचे आजोबा हमखास सांगतील की या तुळया जुन्या जहाजाच्या आहेत. प्रत्येक गावात सांगतात, समुद्रापासून साठ मैलांवरही सांगतात. कारण काय तर तुळयांवर उगाचच्या खाचा आणि भोकं दिसतात. त्या खाचा म्हणजे एक तर लाकूड आधीच्या घरातलं, नाहीतर याच घरातली काढून टाकलेली भिंत, खिडकी, दांडा यांची जागा. जहाजाचं लाकूड वाकडं, त्याला खिळे-बोल्ट, त्याने काटकोनातलं घर बांधायचं म्हणजे सुताराला शिक्षाच.

या रिकाम्या खाचा वाचता आल्या की घर बोलायला लागतं. तुळईच्या किंवा वळचणीच्या लाकडाच्या खालच्या बाजूला शंकरपाळ्याच्या आकाराच्या, एकसारख्या अंतरावर खाचा दिसल्या तर तिथे मूळ खिडकी होती. काच नव्हती, फक्त शंकरपाळी कापाचे उभे गज लाकडाचे आणि आतून सरकणारी फळी, त्या फळीची पन्हळही कधी कधी शेजारी सापडते. हॉलची खिडकी उंच असायची, त्यामुळे या खाचा तुमच्या आजच्या वरच्या बेडरूममध्ये सापडल्या तर आश्चर्य नको. तसंच एका भिंतीत दोन दारांच्या खुणा शेजारी-शेजारी दिसल्या तर त्या कोठ्यांच्या, म्हणजे ती बाजू बोळीची. आणि समोरच्या टोकाच्या भिंतीवर छातीच्या वर एक कोरीव आडवी तुळई असेल तर तिच्याखाली मालकाचा बाक होता. सांध्यांजवळ सुताराच्या खुणा शोधा, रोमन आकड्यांसारख्या रेघा पटाशीने कोरलेल्या. चौकट आधी वाड्याच्या कामासारखी आवारात जमिनीवर आडवी मांडून जुळवायची, खुणा करायच्या, सुटी करायची आणि मग जागेवर उभी करायची. ओक ओलंच वापरायचे, वाळवत बसायचे नाहीत, ओल्या ओकवर वाकस आणि पटाशी सहज चालते, वाळलेलं ओक दगड होतं. जागेवर वाळताना ते पिळतं, म्हणून तुमच्या घरात एकही कोपरा गुण्यात नाही. तिरकेपणाला घाबरू नका, फक्त जुना की नवा ते बघा. दार तिरक्या चौकटीला मापून तिरकंच कापलेलं असेल तर ते झुकणं आजोबा-पणजोबांच्या आधीचं. गिलाव्यात धारदार कडांची ताजी भेग असेल तर विचारा.

मग हॉलचं काय झालं? १६व्या शतकात लोकांना धूर नकोसा झाला, वर झोपायची खोली हवीशी झाली. डब्ल्यू. जी. हॉस्किन्स या इतिहासकाराने १९५३ साली १५७० ते १६४० हा इंग्लंडच्या खेड्यांच्या मोठ्या पुनर्बांधणीचा काळ म्हणून मांडला, नंतरच्या अभ्यासकांनी तारखा प्रदेशाप्रमाणे बऱ्याच पुढेमागे केल्या, पण मुद्दा तोच. कुणी आधी हॉलचा एक छोटा खण धुरासाठी वेगळा काढला, कुणी थेट विटांचं भलंमोठं धुराडं बसवलं, आणि उरलेल्या हॉलमध्ये मधूनच माळा घातला. धुराडं बरेचदा त्या आडव्या बोळीतच बसवलेलं सापडतं, म्हणून पुढचं दार उघडलं की समोर विटांची भिंत आणि डावी-उजवीकडे खोल्या. तुमच्या बैठकीच्या खोलीतली जी जाड तुळई एजंटने मध्ययुगीन म्हणून दाखवली ती बहुतेक या माळ्याची, म्हणजे शंभर-दोनशे वर्षं नंतरची. तिच्या कडा तासलेल्या असतील आणि टोकाला ती कड पानाच्या टोकासारखी निमुळती होऊन थांबत असेल तर १६व्या-१७व्या शतकातलीच समजा. हॉलचे मूळ खांब मात्र खालून वरपर्यंत अखंड जातात, माळ्याला जुमानत नाहीत, ते तुम्हाला खाली कोपऱ्यात आणि वर बेडरूममध्ये एकाच रेषेत दिसतील.

कॉटेजची वाटणी त्यानंतरची, बहुधा १८व्या शतकाच्या शेवटी नाहीतर १९व्यात. छोटी शेतं मोठ्या इस्टेटींनी गिळली, शेतकऱ्याचं घर रिकामं पडलं, आणि मजुरांना राहायला जागा हवीच होती. काही घरं गावच्या पॅरिशने, म्हणजे चर्चच्या हद्दीप्रमाणे चालणाऱ्या गावकारभाराने, गरिबांना ठेवायला घेतली आणि १८३४च्या गरिबांच्या कायद्यानंतर विकून टाकली. वाटणीचं गणित अगदी साधं असायचं, प्रत्येक बिऱ्हाडाला एक बाहेरचं दार, एक चूल आणि एक जिना मिळाला की झालं कॉटेज. म्हणून टोकाच्या भिंतींना बाहेरून नवी धुराडी चिकटवलेली दिसतात, मधल्याला जुन्या मोठ्या धुराड्याची एक बाजू मिळते. जिना म्हणजे धुराड्याशेजारच्या फडताळाएवढ्या जागेत गोल फिरत वर गेलेला. मागे छप्पर खाली ओढून पडवी, तिच्यात धुणंभांडी, विहीर सामाईक, संडास बागेच्या टोकाला.

हे कागदावरही सापडतं आणि शोधायला मजा येते. १८३६च्या टाइथ म्हणजे चर्चला द्यायच्या दशांशाच्या कायद्यानंतर पॅरिशचे जे नकाशे झाले त्यात प्रत्येक घराला क्रमांक आणि सोबत यादीत मालक कोण, राहतंय कोण. १८४१पासूनच्या जनगणनेत कुटुंबागणिक नावं. १९१०च्या सुमाराला जमीन-कराच्या मोजणीची फील्ड बुकं झाली, ती लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत, त्यात कधी कधी खोल्यांची संख्या आणि घराची अवस्थासुद्धा लिहिलेली असते. तुमच्यासाठी चिचेस्टरचं रेकॉर्ड ऑफिस जवळचं.

पण सावध राहा, रांग दिसली म्हणजे वाटणीच झाली असं नाही. काही रांगा जन्मापासूनच भाड्याच्या. यॉर्कमध्ये गुडरमगेटवर लेडी रो आहे, १३१६ची, भाड्याने द्यायलाच बांधलेली. कॉव्हेंट्रीच्या स्पॉन स्ट्रीटवर तर वील्डन पद्धतीच्या छोट्या घरांची सलग रांग आहे. फरक कळतो तो पुन्हा वरूनच: वील्डनच्या अशा जन्मजात रांगेत प्रत्येक घराला स्वतःचा छोटा हॉल असतो, म्हणजे काजळीचे पट्टे अनेक. वाटलेल्या घरात काजळीचा पट्टा एकच.

उलट प्रकारही बघण्यासारखा आहे. चिचेस्टरच्या उत्तरेला सिंगलटनला वील्ड अँड डाउनलँड म्युझियम आहे, तुम्हाला तासाभराचंही अंतर नसेल, हे उत्तर वाचण्यापेक्षा तिथे एक रविवार घालवलात तर जास्त कळेल. तिथे वॉल्डरटनहून आणलेलं घर आहे. बाहेरून १७व्या शतकातल्या गारगोटीच्या आणि विटांच्या भिंती, दोन कॉटेज म्हणून वापरलेलं, आणि आत जुन्या लाकडी हॉलचे अवशेष आणि काजळलेले वासे. अगदी तुमच्यासारखी केस. तिथेच बेलीफ नावाचं वील्डन घर आहे, केंटमधल्या चिडिंगस्टोनचं, बो बीच जलाशयासाठी जागा गेली म्हणून सुटं करून आणलेलं, त्याचा हॉल पुन्हा मोकळा केलाय आणि जमिनीवर चूल आहे. त्या हॉलमध्ये उभं राहून वर बघा आणि मग कल्पनेने डोक्यावर माळा घाला, तुमची बैठकीची खोली तयार.

ही घरं वाचली हे नशीबच. ईस्ट ससेक्समधल्या अल्फ्रिस्टनचं क्लर्जी हाउस, तेही वील्डन, १९व्या शतकाच्या शेवटी पाडायच्या बेतात होतं, १८९६ साली जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने ते १० पौंडांना घेतलं, ट्रस्टने विकत घेतलेली ती पहिली इमारत. एसेक्समधल्या कॉगशॉलचं पेकॉक्स हाउस, १५०९च्या सुमाराचं, कापड-व्यापाऱ्याचं, त्याचीही १९व्या शतकात मजुरांची बिऱ्हाडं झाली होती आणि १९०४ला नोएल बक्स्टन यांनी ते घेऊन पुन्हा एक केलं. आता तिथली कोरीव तुळयांची ओळ बघून कुणाला खरं वाटणार नाही की याखाली भाडेकरू कपडे वाळत घालायचे. मला स्वतःला विचाराल तर सगळं पुन्हा एक करायचा हा सोस थोडा खटकतो. मजुरांच्या दीडशे वर्षांच्या राहण्याचा पुरावा म्हणजे त्या पातळ भिंती आणि तो फिरता जिना, आणि तो काढून टाकला की उरतं ते श्रीमंताचं घर. पण हे झालं माझं मत.

आता घर घ्यायचं की नाही याबद्दल. सगळ्यात आधी ती आडवी तुळई, टाय बीम. हॉलच्या मधल्या चौकटीची टाय बीम माळा घातल्यावर वरच्या मजल्यावर बरोबर डोक्याला लागेल अशी येते, आणि तिच्याखालचे कमानी दांडे तर चालायलाच देत नाहीत. मग कुणीतरी, बहुतेक भाडेकरूंच्या काळात, दांडे काढले, आणि कधी कधी दार करायला तुळईच कापली. ही तुळई दोन्ही बाजूच्या भिंतींना एकमेकांशी बांधून ठेवते, ती तुटली की वाशांचा जोर भिंतींना बाहेर ढकलतो. माझी एक चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका घरात मी वरच्या बेडरूमचं दार बघितलं, छान जुनं, फोटो काढला, आणि वरची चौकट म्हणजे कापलेल्या टाय बीमची दोन टोकं आहेत हे माझ्या लक्षातच आलं नाही. पोटमाळ्यात त्या दिवशी गेलो नव्हतो, पाऊस होता, उशीर झाला होता. दुसऱ्या भेटीत ओळंबा धरला तर भिंतीचा माथा चार इंच बाहेर. नशिबाने घर घेणाऱ्याने तोवर पैसे भरले नव्हते. शेवटी पोलादी पट्टीने दोन्ही टोकं दाराच्या वरून बांधून घेतली, काम मोठं नव्हतं, पण कळायला हवं ना. तेव्हापासून पाऊस असो नसो, शिडी आधी.

त्यानंतर सगळ्यात खालचं लाकूड, सोल प्लेट, जी जोत्यावर आडवी बसते आणि जिच्यात सगळे उभे दांडे रोवलेले असतात. शतकानुशतकं रस्ता, बाग, फरशी वर-वर चढत गेली आणि जोतं जमिनीत गेलं, मग हे लाकूड कायम ओलं. बाहेरची माती खाली घेणं हा कित्येकदा निम्मा इलाज असतो आणि त्याला फावडं पुरतं. दुसरा निम्मा म्हणजे सिमेंट काढणं. गेल्या शतकात कुडाच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा मारला गेला, ओक हलतं, सिमेंट हलत नाही, केसाएवढी भेग पडते, पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नाही. चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदी हेच या भिंतींना झेपतं, हे वाईच्या गवंड्याला सांगावं लागलं नसतं. सर्व्हेअरने दोन टोकांचं ओल मोजायचं यंत्र भिंतीला लावून रसायन टोचायचा सल्ला दिला तर दुसरा सर्व्हेअर बघा, ते यंत्र क्षार असले तरी किंचाळतं. छपराला आतून फवाऱ्याचा फोम मारलेला असेल तर बँक कर्ज देताना अडू शकते आणि वासे तर दिसेनासेच होतात.

लाकडातल्या किड्याला फार भिऊ नका. छोट्या भोकांचा किडा बाहेरचं कोवळं लाकूड खातो, गाभा खात नाही. डेथवॉच बीटल मात्र ओलं, बुरशी लागलेलं ओक शोधतो, तो सापडला तर त्याच्यापेक्षा गळती शोधा. तुळयांचा तो काळा रंग या भागातला नाहीच, काळं-पांढरं हे बरंचसं व्हिक्टोरियन वेड, इथे ओक तसंच ठेवायचे किंवा भिंतीसकट चुन्याने पांढरं करायचे. पण सँडब्लास्टिंगने काढायला जाऊ नका, जुन्या खुणा आणि काजळी सगळी उडते.

तारीख पक्की हवी असेल तर लाकडाच्या वर्षवलयांवरून काढता येते, पण वलयं पुरेशी लागतात, साधारण पन्नास तरी, आणि या भागातलं ओक भराभर वाढलेलं असल्यामुळे बरेचदा जमत नाही. साल शिल्लक नसेल तर दक्षिण इंग्लंडच्या ओकला बाहेरची कोवळी वलयं ९ ते ४१ धरतात, म्हणजे उत्तर एका वर्षाचं नाही, तीसेक वर्षांच्या पट्ट्याचं. पोटमाळ्यातला क्राउन पोस्ट फुकटात जे सांगतो ते बहुतेकांना पुरतं.

कायद्याचं. लिस्टिंग बाहेरच्या भिंतीपुरतं नसतं, आतलं सगळं त्यात येतं, तो फिरता जिनाही आणि शेजाऱ्याबरोबरची पातळ भिंतही. परवानगीशिवाय काही बदललं तर १९९०च्या कायद्याने गुन्हा, आणि आधीच्या मालकाने केलेलं बेकायदा काम पूर्ववत करायची नोटीस तुम्हाला येऊ शकते, त्याला मुदत नाही. म्हणून नवीन दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा परवानगीचा कागद वकिलाकरवी मागा. ऑक्टोबर २०१२पासून लिस्टेड घरातल्या मंजूर बदलांवरची व्हॅटची सूटही गेली, कोटेशनवर २० टक्के धरूनच चला. पुढेमागे शेजारचं कॉटेज घेऊन भिंत फोडू असा विचार तुम्ही लिहिलाय, तो हिशेबात धरून घर घेऊ नका, ती परवानगी मिळेलच असं नाही.

आणि मधलं कॉटेज आहे म्हणून खास: तुमची एखादी खोली शेजाऱ्याच्या खोलीवर गेलीय का ते नकाशात बघा. जुन्या वाटणीत हे सर्रास होतं, वरची खोली एकाची, खालची दुसऱ्याची, याला फ्लाइंग फ्रीहोल्ड म्हणतात आणि कर्ज देणारे याच्यावर नाक मुरडतात. कागदात आधाराचा आणि दुरुस्तीला जाण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला हवा. तसंच पोटमाळा तिन्ही घरांचा आरपार एक असेल, जो बहुतेक असणारच, तर एका घराची आग तिन्हींची, आणि शेजारी तिथून चालत तुमच्या डोक्यावर येऊ शकतो हे वेगळंच. आडोसा घालता येतो, पण लाकडाला खिळे-खाचा न करता आणि परवानगीने.

मी तुमच्या जागी असतो तर घेतलं असतं, पण दुसऱ्या भेटीत शिडी लावून द्यायला एजंट तयार असेल तरच, आणि जुन्या लाकडी घरांचं काम करणाऱ्या सर्व्हेअरकडून सविस्तर सर्व्हे, लेव्हल थ्री, करून घेतल्यावर. त्याला फोनवर एकच विचारा, तुम्ही पोटमाळ्यात शिरता की फक्त झडप उघडून आत डोकावता. डोकावतो म्हणाला तर पुढचा नंबर लावा.